वाळूतील अमानत आणि वहीतील साक्ष



आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. प्रकाशावरून वाहणारी आमची तापी पुढे उकाईच्या जलाशयात शिरते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, एवढीच काय ती आमची समुद्राशी सोयरीक. म्हणून दोन वर्षांपूर्वी अस्रच्या नमाजनंतर एक किराणा दुकानदार गृहस्थ माझ्यापाशी बसले आणि समुद्री कासवांविषयी बोलू लागले, तेव्हा मला नवल वाटले.

त्यांचे म्हणणे असे होते : “मौलाना, मुलगा प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाला. आता नोकरी शोधायची सोडून कोकणात कासवे राखायला निघाला आहे. पगार नाही, गाडीभाडेही घरचेच. घरी चार शेळ्या आहेत, त्यांना कधी पाला टाकला नाही! यात दीन नाही आणि दुनियाही नाही. तुम्ही त्याला समजवा.”

मी मुलाला बोलावले. समजावण्याऐवजी ऐकतच बसलो. आपणापैकी पुष्कळांना या कामाची माहिती नसेल, म्हणून ते आधी सांगतो.

कोकणच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीच्या वेळी वाळूत चढतात. भरतीच्या रेषेच्या वर येऊन मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, आपल्या अंगाने ठोकून ती दाबते आणि निघून जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पिल्ले बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात. तेवढे दिवस त्या अंड्यांना राखणारे कोणी नसते. कोल्हे, कुत्री, घोरपडी ती उकरून काढतात आणि माणूसही त्यांत मागे नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथेही ही अंडी खाल्ली जात, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना सोबत घेऊन तेथे राखणीचे काम सुरू केले. पुढे वनविभाग त्यात उतरला आणि इतर किनाऱ्यांवरही ‘कासवमित्र’ उभे राहिले. जे हात पूर्वी अंडी उकरत होते, त्यांतलेच काही हात आज ती राखतात. या कामाला जोडून अभ्यासही चालतो आणि त्यासाठी शिकलेली मुले स्वयंसेवक म्हणून जातात.

अशा मुलाचे काम काय असते? पहाटेच्या अंधारात मैल-दोन मैल किनारा चालायचा आणि मादीच्या पायांची माग शोधायची. जवळ दिवा ठेवायचा तो तांबड्या उजेडाचा, कारण पांढऱ्या झोताने कासव बिचकते आणि पिल्ले वाट चुकतात. घरटे सापडले की हाताने वाळू काढून एकेक अंडे उचलायचे, आणि ते उलटू द्यायचे नाही. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला धरून वाढू लागतो. नंतर अंडे फिरले तर तो मरतो. मग कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी पुरायची, वर पाटी लावायची, टोपली झाकायची. दिवस भरत आले की सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायची. पिल्ले निघाली तर ती उचलून पाण्यात टाकायची नाहीत. वाळूवर ठेवून त्यांचे त्यांना समुद्राकडे चालू द्यायचे. हजारातले एखादेच मोठे होते असा अंदाज सांगितला जातो. जी मादी वाचते ती दहा-पंधरा वर्षांनी, आपण जन्मलो त्याच भागात अंडी घालायला परतते.

आणि हे सारे करताना प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. तारीख, वेळ, घरट्याची जागा, खोली, अंडी किती, पिल्ले किती, किती अंडी वाया गेली, आणि ठरलेल्या वेळी वाळूचे तापमान. तापमान कशाला? कारण कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. साधारण २९-३० अंशांच्या आसपास तोल असतो. वाळू त्याहून तापली की माद्या वाढतात, थंड राहिली की नर वाढतात. सुब्हानअल्लाह!

हे ऐकून मी त्या वडिलांना जे उत्तर दिले, ते आपल्यापैकी कोणीही दिले असते. मी म्हणालो, यात दीन आहे. सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत अल्लाह तआला जमिनीवरच्या जिवांना आणि पंखांनी उडणाऱ्या पाखरांना तुमच्यासारख्याच ‘उम्मती’ म्हणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी आणून पाजणाऱ्याच्या क्षमेची हकीकत सांगितली, तेव्हा सहाबांनी जनावरांच्या बाबतीतही सवाब मिळतो का, असे विचारले होते, आणि प्रेषितांनी प्रत्येक जिवंत काळजाच्या बाबतीत तो असल्याचे सांगितले. हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची हदीस आहे : प्रवासात काहींनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली, आई पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी ते पाहिले आणि पिल्ले परत ठेवायला लावली. मी म्हणालो, तुमचा मुलगा दुसऱ्याच्या पिल्लांची राखण करायला चालला आहे, त्याला एक हंगाम जाऊ द्या.

वडील गप्प झाले. पटले असे नाही. पण मुलगा गेला.

खरे सांगायचे तर माझे ते उत्तर अपुरे होते. मी दयेविषयी बोललो, आणि दया हा या कामाचा फक्त अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा मला त्याच मुलाने, फार लाजत, दाखवून दिला.

हंगाम संपत असताना रमजान होता. ईदसाठी तो घरी आला. आदल्या जुम्याला मी खोट्या साक्षीवर बोललो होतो, हे त्याला कोणाकडून कळले होते की योगायोग होता, अल्लाह जाणे. इशानंतर सगळे गेल्यावर तो थांबला. म्हणाला, “मौलाना, मी दोन रात्री झोपून गेलो.” मला वाटले, नमाज कजा झाली असेल. तसे नव्हते. रात्री दोन वाजता उठून कुंपणातल्या वाळूचे तापमान पाहायचे त्याचे काम होते. दिवसभर रोजा, पहाटे किनारा, अंगात थोडा ताप. दोन रात्री जाग आली नाही. सकाळी वही उघडली तर दोन रकाने रिकामे. त्याने मागच्या रात्रींचे आकडे पाहिले, त्यांच्या जवळपासचे दोन आकडे मनाने ठरवले आणि लिहून टाकले. कोणी विचारले नाही आणि कोणाला कळणारही नव्हते. “एक अंडेही बिघडले नाही, मौलाना. पिल्लेही निघाली. मग याचा गुनाह आहे का?”

वाचकहो, आपण या प्रश्नापाशी थोडे थांबू. कारण आपल्यातल्या किती जणांनी असे रकाने भरले असतील! गैरहजर मुलांची हजेरी, न मोजलेल्या मालाची मोजणी, न पाहिलेल्या घराची पाहणी. आपण त्याला खोटे म्हणत नाही. ‘कागद पुरा केला’ असे म्हणतो.

मी त्याला सूरह बनी इस्राईलची ३६वी आयत वाचून दाखवली. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये असे त्यात बजावले आहे, आणि कान, डोळे व अंतःकरण यांच्याबद्दल जाब विचारला जाईल असेही. मी त्याला म्हणालो, त्या रात्री तुझे डोळे मिटलेले होते. त्या मिटल्या डोळ्यांनी तू तापमान पाहिले असे वहीत लिहिले आहेस. उद्या डोळ्यांना विचारले गेले तर ते काय सांगतील? सूरह हजच्या ३०व्या आयतीत मूर्तींच्या अपवित्रतेच्या सोबतच खोट्या बोलण्यापासून दूर राहायला सांगितले आहे. ही जोडी लहान नाही. बुखारीत आहे की प्रेषित (स.) टेकून बसले होते. मोठ्या गुनाहांची गणना करताना खोट्या साक्षीचे नाव आले तेव्हा ते उठून ताठ बसले आणि ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले. इतके की आता त्यांनी थांबावे असे सहाबांना वाटू लागले.

तो म्हणाला, “पण ही अदालत नव्हती. कासवाची वही होती.”

यावर मी त्याला आपल्या मदरशातली एक गोष्ट सांगितली. हदीसचे इमाम काय करत असत? अमुक हदीस तमुकाने सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, तो त्याला भेटला होता का, दोघे एका काळात होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, वह्या जपून ठेवत होता का. एकेका माणसाची अशी पारख करून साखळी जोडली जाई. मधला एक दुवा गळाला तर तिला ‘मुन्कतिअ’, म्हणजे तुटलेली, म्हणत. जो नेक आहे पण आठवणीत कच्चा आहे, त्याची नेकी मान्य करूनही त्याची हदीस बाजूला ठेवत. आणि जो मुद्दाम भर घालतो त्याचे एकही कथन पुढे स्वीकारत नसत, मग ती भर कितीही चांगल्या हेतूची असो. लोकांनी कुरआनकडे वळावे म्हणून सद्हेतूने हदीसी रचणारेही होऊन गेले. मुहद्दिसांनी त्यांची गय केली नाही.

ही साखळी आजही कशी काम करते ते पाहा. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर १८ मार्च २०२१ रोजी एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला धातूचा बिल्ला लावला गेला. क्रमांक ०३२३३. तो कोणीतरी वहीत लिहिला. जवळजवळ चार वर्षांनी, २७ जानेवारी २०२५ रोजी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पायावर बिल्ला होता. तेथील माणसाने क्रमांक वाचला : ०३२३३. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगळी, असे समजले जात होते. या एका मादीने भारताच्या टोकाला वळसा घालून सुमारे ३,५०० किलोमीटरचे अंतर तोडले होते. ती एकटी पाण्यातून आली, तिचा साक्षीदार कोणी नाही. साक्ष आहे ती दोन माणसांची, जी एकमेकांना बहुधा ओळखतही नसतील. एक बंगालच्या उपसागरावर, दुसरा अरबी समुद्रावर. दोघांपैकी एकानेही रात्रीच्या अंधारात, दमलेल्या डोळ्यांनी, अंदाजाने एक आकडा इकडचा तिकडे केला असता तर? साखळी मुन्कतिअ झाली असती, आणि ती तुटली आहे हेही कधी कोणाला कळले नसते. खोट्या आकड्याचे सर्वांत भयंकर लक्षण हेच आहे, की तो खऱ्यासारखाच दिसतो.

माझ्या मराठीच्या बी.ए.च्या दिवसांत मी डॉ. सालिम अली यांच्याविषयी वाचले होते, ते या मुलाला सांगितले. मुंबईच्या मुस्लिम घराण्यात १८९६ साली जन्मलेला हा माणूस. अलिबागजवळच्या किहीम येथे ते राहत असताना घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्यांनी पावसाळ्याच्या दिवसांत तासन्‌तास बसून कोणता नर किती घरटी विणतो, कोणती मादी कोणत्या घरट्यात शिरते, हे टिपले. त्यातून निघाले ते असे की नर घरटे अर्धवट विणतो, मादीने पसंत केले तर ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. कोणालाही डोळ्यांसमोर दिसणारी ही गोष्ट होती. पण बसून पाहणारा आणि पाहिले तेवढेच लिहिणारा माणूस लागला. आपले जुने लोकही या वाटेने गेले आहेत. चौदाव्या शतकातील दमीरी यांच्या ‘हयातुल हयवान’ या ग्रंथात जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या कासवाचीही नोंद आहे. त्यातल्या सगळ्याच गोष्टी आज कोणी खऱ्या मानणार नाही. ऐकीव बाबीही त्यात आल्या आहेत. ऐकलेले सारेच सांगत सुटणे माणसाला खोटा ठरवायला पुरेसे आहे, असा इशारा सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसीत आहेच.

कोकणात लोक म्हणतात की अंडी घालताना कासवीण रडते. त्या मुलाने मला सांगितले की ते अश्रू नव्हेत. समुद्राचे पाणी पोटात जाते, त्यातले जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. मला हे फार आवडले. ज्या उंटाचे डोळे पाहून प्रेषितांनी त्याच्या मालकाला ताकीद दिली, त्याची गोष्ट आपण सांगतोच, सांगावीही. पण कासविणीच्या डोळ्यांतले मीठ हे मीठच आहे असे सांगणे, हाही तिच्या निर्मात्याचा आदर आहे.

मग तौबा कशी? उलमांनी तिच्या अटी सांगितल्या आहेत : गुनाह सोडावा, पश्चात्ताप व्हावा, पुन्हा न करण्याचा निश्चय असावा. आणि गुनाहात दुसऱ्याचा हक्क गुंतला असेल तर तो परत करावा. तो विचारू लागला, येथे हक्क कोणाचा? मी म्हणालो, त्या वहीवरून जो उद्या हिशेब करील त्याचा. त्या हिशेबावरून टोपल्यांवर सावली धरायची की नाही हे जो ठरवील त्याचा. आणि पिल्लांचा. सूरह हूदच्या ६व्या आयतीत अल्लाह प्रत्येक जिवाच्या रिज्कची जबाबदारी आपल्यावर घेतो आणि त्याचा ‘मुस्तकर’ व ‘मुस्तौदअ’ आपण जाणतो असे सांगतो. मुफस्सिरांनी या दोन शब्दांचे अनेक अर्थ दिले आहेत. पण ‘मुस्तौदअ’ हा शब्द ‘वदीअत’ याच धातूतून येतो. वदीअत म्हणजे कोणी विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली वस्तू. आई वाळूत ठेवून गेली, ती तू उचलून कुंपणात आणलीस. ज्या क्षणी तू ती उचललीस त्या क्षणी तू अमीन झालास. अमीनाने ठेव सांभाळायची आणि तिचा हिशेबही खरा द्यायचा. नुसती ठेव परत केली की हिशेब कसाही चालतो, असे आपल्या शरीअतीत नाही.

“मग रकाना कोरा ठेवला असता तर?” त्याने विचारले.

कोरा ठेवला असता तर तू इमाम मालिक यांच्या वाटेने गेला असतास. दूरदूरहून लोक प्रश्न घेऊन येत आणि मदीनेचा एवढा मोठा इमाम कित्येक प्रश्नांना ‘ला अद्री’, मला ठाऊक नाही, असे सांगून त्यांना परत पाठवी. कोरा रकाना म्हणजे वहीतले ‘ला अद्री’. तो लाजिरवाणा वाटतो खरा, पण तो खरा असतो.

त्याने ईदच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. मी समोर बसलो होतो. पलीकडच्या प्रमुखांना त्याने सारे सांगितले. थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी तारखा विचारून घेतल्या, ते दोन आकडे खोडायला सांगितले आणि तेथे ‘नोंद घेतली नाही’ असे लिहायला सांगितले. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. पुढच्या हंगामाचे काही बोलले नाहीत. तो फोन ठेवून बराच वेळ हातातल्या त्या यंत्राकडे पाहत राहिला.

बंधूंनो, आपण म्हणाल, नंदुरबारच्या माणसाला या समुद्राचे काय? समुद्र नसला तरी कासव आमच्यापासून दूर नाही. तापीच्या डोहात, विहिरीत, शेततळ्यात ते आहे. आणि आमच्याकडे त्याच्यावर एक विचित्र संकट आहे. ‘वीस नखांचे कासव’ घरात ठेवले की पैशांचा पाऊस पडतो, असे सांगणारे भोंदू गावोगाव फिरतात आणि आपल्यातले कलमा पढणारे लोकही त्यांच्या नादी लागतात. रिज्क देणारा अल्लाह आहे असे दिवसातून पाच वेळा कबूल करणाऱ्याने कासवाची नखे मोजत बसावे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे, ते वेगळेच. मी आधी ईमानविषयी बोलतो आहे. खाण्याचे म्हणाल तर आपल्या हनफी मझहबात पाण्यातल्या जिवांपैकी मासळीच हलाल आहे, कासव नाही.

कोकणातल्या मच्छीमार बांधवांचाही हक्क विसरून चालणार नाही. त्यांत आपले दालदी भाईही आहेत. जाळ्यात कासव अडकले तर जाळे कापून त्याला सोडावे लागते आणि जाळे म्हणजे त्यांची रोजीरोटी. २०१८ पासून शासनाने अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई ठेवली आहे, हे चांगले झाले. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेल्या दयेत बरकत नसते.

काही मसले विचारले जातात, तेही सांगतो. अंडी किंवा पिल्ले हाताळल्याने वुजू तुटत नाही. हाताला घाण लागली तर हात धुवावा, बस्स. पहाटेच्या फेरीत सुबह सादिक झाली की स्वच्छ वाळूवर फज्र पढून घ्यावी. माग भरतीने पुसली जाईल या भीतीने नमाज लांबवू नये, दोन रकअत फर्ज पढायला किती वेळ लागतो? एका जागी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा असेल तर हनफी मतानुसार तेथे कसर नाही, नमाज पुरी पढावी. रमजान अजून काही वर्षे कासवांच्या हंगामातच येणार आहे. ज्याला ताप आहे त्याने रोजा नंतर करण्याची सवलत घ्यावी, आणि रात्रीचे काम दुसऱ्यावर सोपवावे. ताप लपवून काम अंगावर घेणे ही बहादुरी नव्हे.

हा शेवटचा मसला मला त्या मुलाच्या वडिलांनी विचारला. गेल्या महिन्यात मुलाला कोकणातून पुन्हा बोलावणे आले. वडील दुकान लवकर बंद करून माझ्याकडे आले होते. हातात एक कोरे खोके होते. नंदुरबारच्या बाजारातून त्यांनी मुलासाठी मोठ्या आवाजाचे, दोन गजरांचे घड्याळ आणले होते. एक गजर सहरीसाठी. दुसरा रात्री दोनचा.